पोहोच नऊ दहा

मिनिटरावांनी चहाचं आधण तिसऱ्यांदा गॅसवरून उतरवलं, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. फोनच्या पडद्यावर एक इवलंसं पिवळं विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबलं होतं. त्या विमानात सातव्या रांगेत खिडकीपाशी त्यांची बायको बसली होती, जन्मात पहिल्यांदा.

"निघा की आता," ते साखरेच्या डब्याला म्हणाले.

विमान निघालं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने टिपलं: चाकं सुटली, बारा तेरा. खाली गणित मांडलं. हवेत बावन्न मिनिटं. एक पाचला चाकं टेकणार. तिथून पाच मिनिटांत विमान आपल्या जागेवर, चाकांना ठोकळे, एक दहा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांना हे सांगता आलं असतं. तरी मांडलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

मिनिटराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते विमानतळावरच्या मंडळींनी ठेवलेलं, आणि असं चिकटलं की कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. एकतीस वर्षं ते डिस्पॅचर होते. म्हणजे विमान उडवायचं नाही, पण ते उडणार कसं हे कागदावर मांडायचं: अंतर किती, वारा कुठून, इंधन किती, ठरल्या जागी उतरता आलं नाही तर जायचं कुठे. त्या कागदावर त्यांची सही पडेपर्यंत वैमानिक जागचा हलत नसे. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली होती, पण खोड काही जात नव्हती. भाजी चिरायला किती वेळ लागेल असं विचारलं तर "सहा मिनिटं, कांदा असेल तर आठ" असं उत्तर यायचं, आणि खरंच आठ लागायची.

अशा माणसाच्या बायकोने एकतीस वर्षांत विमानात पाऊल ठेवलं नव्हतं.

"मला भीती वाटते," ती म्हणायची.

"अगं, कागद मी करतो ना."

"म्हणूनच तर."

हा विनोद करून करून गुळगुळीत झाला होता. लेकीकडे जायचं तर ती बसने जायची, डोंगर चढून उतरून अकरा तास. मागच्या खेपेला गुडघा असा सुजला की चार दिवस पाय टेकवेना, आणि डॉक्टरांनी बस बंद करून टाकली. महिनाभर ती त्यावर काहीच बोलली नाही. मग एका सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "काढा विमानाचं तिकीट."

"एक?" मिनिटरावांनी विचारलं होतं.

"ते तुम्ही ठरवा."

त्यांनी एकच काढलं. मला कुणी बोलावलंय, असं पुटपुटले, पण तोवर ती घड्या उचलून दुसऱ्या खोलीत गेली होती.

आणि बोलावणार कोण? लेक सहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. कडाक्याचं भांडण झालं असतं तर एक वेळ मिटलंही असतं, पण भांडण झालंच नव्हतं. तिने तिकडच्या शहरात एका माणसाशी लग्न ठरवलं. माणूस घटस्फोटित, पहिल्या लग्नाची एक मुलगी पदरात. मिनिटरावांना ते पटलं नाही, आणि पटलं नाही हे तोंडाने म्हणवलंही नाही. नोंदणीच्या कचेरीत मंगळवारी दुपारी तीनला सह्या व्हायच्या होत्या. 'ड्यूटी लागलीय, येता येत नाही,' असं त्यांनी कळवून टाकलं. लेकीने त्याच मंगळवारी सकाळी त्यांच्या ऑफिसात फोन केला, बाबांच्या जागी आज दुसरं कुणी बसू शकेल का म्हणून. ड्यूट्या लावणारा कारकून साधाभोळा माणूस. तो म्हणाला, "अहो, आज त्यांना सुटीच होती. त्यांनीच तर मागून घेतली ड्यूटी."

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चढवला नाही, रडली नाही. "बाबा, बावन्न मिनिटांचं अंतर होतं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढची चार वर्षं मिनिटरावांनी रोज दुपारी तिच्या शहराला एक विमान पाठवलं. वारा बघितला, इंधन मांडलं, सही केली. स्वतः एकदाही चढले नाहीत. आपलं चुकलं, हे त्यांना त्या संध्याकाळीच कळलं होतं. पण सांगायला तोंड उघडेना, आणि आज सांगू उद्या सांगू करता करता सहा वर्षं निघून गेली.

पिवळं विमान डोंगरांच्या दिशेला वळलं. आता ते ढगांतून वर चढत असणार आणि थोडं हलवत असणार. बायकोला हे आधी सांगायला हवं होतं. विमानतळाच्या दारात त्यांनी तिला फक्त "कान दुखले तर आवंढा गिळ" एवढंच सांगितलं होतं, आणि ती पर्स छातीशी धरून, मागे वळून न बघता, तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. तीन माणसं पुढे गेल्यावर मात्र तिने वळून पाहिलं. "निरोप काही?" तिने लांबूनच विचारलं. मिनिटरावांनी नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी चहा गाळला, एक घोट घेतला, तो पिववेना म्हणून मोरीत ओतला. नळ बंद होता तरी पुन्हा पिळून पाहिला. मग फोन उचलून नकाशा बाजूला सारला आणि लेकीला पाठवलेला निरोप उघडला. कालपासून तो त्यांनी दहा-बारा वेळा तरी उघडला असेल.

तो निरोप त्यांच्याकडून लिहून घेतला होता बायकोनेच. काल संध्याकाळी बॅगेत कपडे भरता भरता तिने सहज सांगितल्यासारखं केलं.

"तिला सांगितलंय मी, उद्या येतेय म्हणून. किती वाजता ते तुझे बाबा कळवतील, म्हटलं."

"तूच सांग की."

"मला काय कळतं विमानाचं?"

तिला सगळं कळत होतं. तिकीट तिच्याच पर्समध्ये होतं आणि वेळ त्यावर ठसठशीत छापलेली होती. पण तिने बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली, आणि त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मिनिटराव अर्धा तास फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभे राहिले. सहा वर्षांनी पोटच्या पोरीला लिहायचं ते काय? 'कशी आहेस' लिहिलं आणि खोडलं. 'माझं चुकलं' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी त्यांना जे लिहिता येत होतं ते लिहिलं.

'आई उद्या येते आहे. अंतर १९६ सागरी मैल. हवेत ५२ मिनिटं. पोहोच ०९१०.'

खाली दोन निळ्या खुणा होत्या. लेकीने वाचलं होतं. उत्तर नव्हतं. कालपासून ते त्या निळ्या खुणाच तेवढ्या बघत होते. आत्ता पहिल्यांदा त्यांची नजर खुणांच्या वर, आकड्यावर गेली आणि तिथून भिंतीवर.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. डावं घरचं, उजवं मिनिटरावांचं. विमानांच्या कामात जगभर एकच वेळ पाळतात, जागतिक वेळ, म्हणजे कुठल्या गावात किती वाजले यावरून घोळ होत नाही. ती वेळ या देशातल्या घड्याळाच्या चार तास मागे. लेक लहान असताना घरी आलेल्या पाहुण्यांना गंभीरपणे सांगायची, "आमचे बाबा चार तास मागे राहतात," आणि पाहुणे का हसले ते तिला कळायचं नाही. एकतीस वर्षं मिनिटरावांनी कागदावर दुसरी कुठली वेळ लिहिलीच नव्हती. आकड्यांपुढे इंग्रजी झेड काढायचा, की वाचणाऱ्याला कळतं, ही जागतिक वेळ.

डाव्या घड्याळात बारा बावीस झाले होते. उजव्यात आठ बावीस.

पोहोच नऊ दहा.

काल झेड काढला होता, चांगला आठवत होता. मग वाटलं, आपण लेकीला लिहितोय, कंपनीला नाही. घरच्या माणसाला झेड कशाला? म्हणून तो खोडला. झेड तेवढा गेला आणि चार तास होते तिथेच राहिले.

म्हणजे ती सकाळी नऊला जाऊन उभी राहिली असणार. विमान नाही, आई नाही. आणि तिला काय वाटलं असेल, हे कळायला काही डोकं लागत नव्हतं. सगळी दुनिया वेळ चुकेल, मिनिटराव चुकायचे नाहीत. विमानाची वेळ बाबांच्या हातून चुकून चुकली, असं कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. मग उरलं काय? मुद्दाम. त्या वेळी ड्यूटी, या वेळी हे. सहा वर्षांनी एक ओळ लिहिली आणि तीही खोटी.

त्यांनी लेकीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी फोन कानाला इतका दाबला की चष्म्याची काडी टोचली. कुणी उचलला नाही. मग लिहिलं: 'वेळ चुकली. पोहोच १३१०.' दोन खुणा उमटल्या, करड्या. त्या निळ्या होईनात.

बायकोला कळवायची सोय नव्हती. ती डोंगरांवर होती, आणि तिचा फोन पर्सच्या तळाशी बंद होता. तो कसा बंद करायचा ते त्यांनीच तिला दोनदा दाखवलं होतं.

मिनिटरावांनी बूट घातले. बंद बांधले. दारापर्यंत गेले, कडीला हात घातला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जायला कुठे जागाच नाही. ते तसेच बुटांनिशी स्वयंपाकघरात परत आले आणि त्यांनी 'पलीकडचे' यांना फोन लावला.

पलीकडचे म्हणजे लेकीच्या शहरातल्या विमानतळावरचा माणूस. बावीस वर्षं दोघं कामापुरते रोज फोनवर बोलले होते, एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दोघंही एकमेकांना 'पलीकडचे' अशीच हाक मारत.

"बोला, पलीकडचे," तिकडून आवाज आला. "निवृत्तीत करमत नाही वाटतं."

"बावीस वर्षांत तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही मी."

"मागा की. पण जरा लवकर, तुमच्याकडचंच विमान यायचंय चाळीस मिनिटांत."

"अडतीस."

"बरं बाबा, अडतीस."

"त्यात माझी बायको आहे. आणि बाहेर माझी लेक असेल. किंवा येऊन गेली असेल. वेळ मी चुकीची कळवली."



"तुम्ही?"

"मी. जरा बघता का, ती बाहेर आहे का?"

"बघतो की. दिसते कशी?"

मिनिटराव आठवू लागले. उंची पाच फूट चार, ती काही बदलली नसेल. केस तेव्हा लांब होते. आता ती पोहायला शिकवते, मोठ्या माणसांना, म्हणजे कापलेही असतील. अंगाने भरली की वाळली? चष्मा लागला का? बायको प्रत्येक खेपेला तिकडून फोटो घेऊन यायची आणि त्यांच्यासमोर धरायची, आणि ते 'ठेव तिथे, नंतर बघतो' म्हणायचे. ती ठेवायची. ते बघायचे नाहीत. बघितलं की बोलावं लागेल, अशी त्यांना भीती वाटायची.

"हनुवटीवर डाव्या बाजूला एक खूण आहे," ते म्हणाले. "झोपाळ्यावरून पडली होती."

"अहो, मी काय लोकांच्या हनुवट्या बघत हिंडू?"

"वय चौतीस."

पलीकडच्यांनी पुढे थट्टा केली नाही. "बघून सांगतो," असं हळू आवाजात म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मिनिटराव फेऱ्या घालू लागले. ओट्यापासून दारापर्यंत अकरा पावलं, दारापासून ओट्यापर्यंत दहा. येताना पाऊल मोठं पडत होतं. पडद्यावरचं विमान मधल्या मोठ्या डोंगरावर आलं होतं. त्यांना तो डोंगर कागदावर पाठ होता, त्याची उंची, त्याच्यावरून किती वरून जायचं ते. प्रत्यक्षात कसा दिसतो ते माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, उठले. लेकीला पाठवलेला निरोप पुन्हा उघडला. खुणा करड्याच होत्या. शेजारणीने बेल वाजवून "वहिनी पोचल्या का?" असं विचारलं, तर ते "अठरा मिनिटं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. बिचारी बाहेर तशीच उभी राहिली असेल, हे दार लावल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. उघडून माफी मागावी असं वाटलं, तेवढ्यात फोन वाजला.

"बाहेर कुणी नाही," पलीकडचे म्हणाले. "दोन टॅक्सीवाले आणि एक म्हातारे गृहस्थ. पण चौकशीच्या खिडकीतली बाई म्हणतेय, सकाळी नऊच्या सुमारास कुणीतरी आली होती. नऊ दहाला तिकडून एखादं विमान आहे का, असं विचारत होती."

"मग?"

"मग काय, हिने सांगितलं, नाही. सकाळी तिकडून विमानच नसतं."

"मग?"

"मग ती हसली म्हणे."

"हसली?"

"हसली आणि गेली."

"कशी हसली?"

"आता ते मी कसं सांगू, पलीकडचे?"

मिनिटराव खुर्चीत बसले ते बसलेच. हसली. रडली असती, चिडली असती, खिडकीतल्या बाईवर खेकसली असती, तर त्यांना इतकं लागलं नसतं. माणूस असं हसतं ते कधी? ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरली नाही त्याने पुन्हा तेच केलं की. आता बायको लंगडत बाहेर येणार, इकडेतिकडे बघणार, तिथे कुणी नसणार. अनोळखी शहर, दुखरा गुडघा, आणि फोन चालू कसा करायचा ते आठवायला दहा मिनिटं. आणि लेक यापुढे आईचा फोन तरी घेईल का? सहा वर्षं त्या घरात जाणारी एकच वाट उघडी होती, ती बायकोची, आणि तीही त्यांनी एका आकड्याने बुजवली असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुसलेही नाहीत.

एक चारला विमान टेकलं. एक मिनिट लवकर. पाठीमागून वारा असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि या वेळी असलं काही मनात आल्याची लाज वाटली.

एक नऊला ते जागेवर उभं राहिलं. दार उघडायला दोन मिनिटं, चालत इमारतीत यायला चार, गुडघा धरला तर सहा. बॅग यायला आठ. एक पंचवीसला ती बाहेर असायला हवी होती. एक पंचवीस झाले. एक अठ्ठावीस झाले. मिनिटरावांनी बुटाचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले. एक एकतीसला फोन वाजला.

"अहो," बायको म्हणाली.

"कुठे आहेस? उभी आहेस का? आधी बस कुठेतरी. ऐक, चूक माझी आहे, मी तिला वेळ..."

"पोचले मी."

"ते माहीत आहे. एक चारला."

"मला भीती वाटली नाही हो. डोंगरावर जरा हलवलं, तर शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. मग मीच त्यांचा धरला, त्या जास्त घाबरल्या होत्या." ती दम खायला थांबली. "वरून सगळं इतकं छोटं दिसतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"मी कधी बघितलं नाही," मिनिटराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "एकटी आहेस?"

"एकटी कशाला असेन? ही काय, बॅग ओढतेय माझी. केस ओलेगच्च आहेत, तलावावरून थेट आलीय. सर्दी होईल म्हटलं तर ऐकत नाही."

मिनिटरावांनी ओट्यावरची पेन्सिल उचलली.

"तिला विचार," ते म्हणाले, "नऊला आली होती का."

"काय?"

"विचार तर."

पलीकडे खुडबुड झाली, बॅगेची चाकं फरशीवर खडखडली आणि थांबली. मग दुसरा आवाज आला. तो थोडा जाड झाला होता, पण तोच होता.

"बाबा."

"हं."

"तुम्हाला कुणी सांगितलं, मी नऊला आले होते ते?"

"पलीकडच्यांनी. हसलीस म्हणे."

"हसले. हसूच आलं मला. म्हटलं, आहेत तसेच आहेत."

मिनिटरावांना काही समजेना. "म्हणजे तुला कळलं होतं? ती वेळ..."

"जागतिक होती. काल वाचलं तेव्हाच कळलं. चार मिळवले आणि एकची सुटी मागून घेतली. त्या घरात वाढलेय मी, बाबा."

"मग सकाळी कशाला आलीस?"

मागे कुणीतरी टॅक्सी हवी का म्हणून विचारत होतं, आणि बायको त्याला नको नको म्हणत होती.

"तलावावर जाता जाता वळले," लेक म्हणाली. "म्हटलं, सहा वर्षं झाली. न जाणो, बदलला असाल."

मिनिटरावांच्या हातातली पेन्सिल खाली पडून ओट्याखाली गेली. त्यांनी ती उचलायचा प्रयत्न केला नाही.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"वेळेचं ना?"

"वेळेचंही."

"आई फार वेळ उभी आहे," ती म्हणाली. "गाडीपाशी नेते तिला." आणि फोन बंद झाला.

मिनिटरावांनी फोन ओट्यावर ठेवला. मग शेजारणीचं दार वाजवून "पोचली" असं सांगून आले, आणि मघाशी दार तोंडावर लावलं त्याबद्दल तिची माफीही मागितली. परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पायात अजून बूट आहेत. ते काढले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी उद्याच्या दुपारच्या विमानात जागा आहे का ते पाहिलं. होती. सातव्याच रांगेत, खिडकीपाशी. मग त्यांनी लेकीला पाठवलेला निरोप उघडला. 'या' असं तिने म्हटलं नव्हतं, आणि 'येऊ का' असं त्यांनीही विचारलं नाही.

'उद्या मी येतो आहे,' त्यांनी लिहिलं. 'पोहोच ०९१०.'

ते वाचलं आणि खोडलं. 'पोहोच १३१०' लिहिलं, तेही खोडलं. डाव्या घड्याळाकडे पाहिलं, मग अक्षरांत लिहिलं: 'एक दहाला पोचतो.' अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला आणि मागे घेतला, आणि आधी एक शब्द घातला. 'दुपारी एक दहाला पोचतो.'

पाठवला. दोन खुणा उमटल्या, करड्या. मिनिटरावांनी या वेळी मिनिटं मोजली नाहीत. उठून चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत गॅसपाशी उभे राहिले. चहा गाळताना फोन किणकिणला. त्यांनी गाळणं हातात धरूनच वाकून पाहिलं.

'तुमचे तीन कॉल आत्ता बघितले, फोन बॅगेत होता. बरं. उद्या नऊला येत नाही.'